ग तारेचा सहावा मणी

सकाळच्या बैठकीत सगळ्यांनी चित्राची तारीफ केली आणि तेव्हापासून गणितबाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

एरवी तारीफ झाली की माणूस दोन घास जास्त खातो. बाईंनी डबा उघडला, पाहिला आणि पुन्हा बंद केला. खुर्चीवरून उठल्या, खिडकीशी गेल्या, समोरच्या भिंतीवरचे नळाचे पाइप मोजले, परत आल्या. पडद्यावर ते चित्र तसंच होतं. निळ्या मैदानात दोन लाल ठिपके आणि दोघांच्या मधे एक पांढरीशुभ्र पट्टी. "किती स्वच्छ चित्र!" असं सर्जन मॅडम वीस माणसांदेखत म्हणाल्या होत्या. आणि त्याच स्वच्छ चित्राच्या आधारावर ठरलं होतं, की खालच्या मजल्यावरच्या बाईचं ऑपरेशन करायचं नाही. दुपारी चार वाजता तिच्या डोक्यातल्या तारा काढायच्या आणि तिला घरी पाठवायचं.

बाईंचं काम सांगायला सोपं, करायला कठीण. काही माणसांना आकडी येते आणि ती कुठल्याच गोळीला जुमानत नाही. अशा माणसाच्या कवटीला बारीक भोकं पाडून सर्जन आत शिवणाच्या सुईएवढ्या तारा सोडतात. प्रत्येक तारेवर धातूची दहा कडी असतात. इस्पितळात सगळे त्यांना मणी म्हणतात. मणी काही करत नाहीत, बिचारे नुसते ऐकतात. मेंदूत वीज खेळते तिचा आवाज. माणूस आठवडाभर डोक्याला पट्ट्या गुंडाळून पलंगावर पडून राहतो. आकडी आली, की मण्यांनी जे ऐकलं त्यावरून बाईंनी सांगायचं, वादळ उठलं कुठून. ती जागा सापडली आणि तिथे सुरी चालवणं धोक्याचं नसलं, तर तेवढा तुकडा काढतात. माणूस सुटतो.

पण मण्याला जवळचंही ऐकू येतं आणि लांबचंही. समजा, एक बंद घर आहे. आत कोणीतरी रडतंय आणि तुम्हाला आत जायला बंदी आहे. भिंतीला दहा जागी कान लावायचा आणि रडणारा कुठल्या खोलीत आहे ते सांगायचं. मोठ्याने रडणारा एक आहे, की हळू रडणारे दोघे, हे भिंतीपलीकडून सारखंच ऐकू येतं. उत्तरं पुष्कळ बसतात, खरं एकच असतं. ते ज्याने घर बांधलं त्याला ठाऊक. माणसाने आपला अंदाज करायचा, आणि आपण अंदाजच करतोय हे विसरायचं नाही. यातलं दुसरं काम पहिल्याहून जड.

बाईंचं सूत्र मुळात साधं होतं. शेजारच्या दोन मण्यांनी जे ऐकलं त्याची सरासरी काढायची. मधल्या मण्याने त्याहून जेवढं वेगळं ऐकलं, तेवढा तिथला उगम. या सूत्रावर मग त्यांनी पाच वर्षांत बरेच मजले चढवले होते, पण पाया तोच.

यावेळी ग नावाच्या तारेच्या पाचव्या मण्यापाशी एक उगम निघाला आणि सातव्यापाशी एक. पाचवा सापडला म्हणून मॅडम खूश झाल्या, सातवा बघून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. कारण सातव्या मण्यातून अगदी थोडी वीज सोडून पाहिली होती, तेव्हा त्या बाईला समोर धरलेल्या कात्रीचं नाव सांगता आलं नव्हतं. बोलण्याची जागा तिथून सुरू होते.

"एक काढून दुसरा ठेवला तर आकडी राहील," मॅडम म्हणाल्या. "दुसरा काढला तर हिचं बोलणं जाईल. हिचं बोलणं जाऊन कसं चालेल?"

चालणार नव्हतंच. ती बाई म्हणजे बसस्थानकावरची घोषणाताई. तिचं तोंड गावात कोणी ओळखत नसेल, पण आवाज पोरासोरांना पाठ. गणितबाईंनी स्वतः नऊ वर्षं तो आवाज ऐकत बस पकडली होती. गाडी उशिरा येणार हे ती असं सांगायची, की माणसाला राग यायच्या ऐवजी तिचीच दया यायची. गेल्या वर्षी एक दिवस 'फलाट क्रमांक' इतकं म्हणून आवाज थांबला आणि कर्ण्यातून नुसता धडपडीचा आवाज आला. फलाटावरचे लोक वर बघत राहिले. त्यानंतर ताईला मायक्रोफोनसमोर बसवायला कोणी धजावलं नाही.

बारा वाजून गेले. बाई जिना उतरून खाली आल्या. का आल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पाच वर्षांत त्या वॉर्डात दोनदाच गेल्या होत्या, तेही पंखा दुरुस्त होतोय का बघायला. त्यांच्या लेखी रुग्ण म्हणजे तारा आणि रेघा. चपला घालून चालणारा, खोकणारा माणूस त्या रेघांच्या मागे असतो हे त्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं.

घोषणाताईची आई पिशवीत कपडे भरत होती. ताई पलंगावर बसली होती, डोक्यावर पट्ट्यांचा मोठा गोळा, त्यातून निघालेला तारांचा जुडगा खांद्यामागच्या डबीत गेलेला.

"तुम्ही नवीन सिस्टर का?" तिने विचारलं. आवाज ऐकताच बाईंना क्षणभर वाटलं, आपली बस लागली.

"नाही. मी तुमच्या तारांचं गणित करते."

"अगं आई, ऐकलंस का! माझ्या डोक्यात गणित सापडलं म्हणे. शाळेत बाईंनी दहा वर्षं छड्या मारल्या, शिरलं नाही ते नाहीच."

"देवाला दया आली," आई म्हणाली आणि एक टॉवेल जरा जोरातच पिशवीत कोंबला. "आता घरी घेऊन चाललोय ते गणित. जसं आणलं होतं तसंच."

बाईंनी पलंगाजवळचं स्टूल ओढलं. त्यावर टेकल्या आणि उगाच म्हणाल्या, "स्थानकावर आता मशीन बोलतं."

"ऐकलंय मी. 'फलाट क्रमांक' म्हणते, थांबते, आणि मग 'पाच'. जशी काही विचार करून सांगतेय मेली." ताई हसली. मग तारा ओढल्या जातील म्हणून मान सावरून बसली. "पण खरं सांगू, मला त्या खोलीची आठवण येते. एकटीच असायचे ना आत."

"एकटं असताना कसं कळायचं, आवाज बाहेर पोचतोय ते?"

"कानाला हेडफोन लावलेला असतो की. त्यात आपण बोलत नसलो तरी काही ना काही चालू असतं. पंखा घुमतो, चहावाला ओरडतो, आपलाच श्वास येतो. मायक्रोफोन कधी गप्प नसतो, बाई. ज्या दिवशी कानात अगदी शांत वाटेल, चिटपाखरू नाही, त्या दिवशी समजायचं, कोणीतरी वायर उपटलीय."

बाई उठल्या.

"काय झालं?"

"काही नाही. येते मी."

"अहो, बसा तरी..."

पण बाई जिन्यापर्यंत पोचल्या होत्या. वय पंचेचाळीस, गुडघा दुखरा, आणि तीन मजले त्या एका दमात चढल्या.

पांढरी पट्टी. सकाळपासून जे डोळ्यांत सलत होतं ते तेच. त्यांनी चित्र बाजूला सारून खालचे आकडे उघडले. पाचवा मणी, आकडे खालीवर. सातवा मणी, आकडे खालीवर. मधे सहावा: शून्य. दशांशानंतर शून्य, त्याच्यापुढे शून्य, पडदा संपेपर्यंत शून्य. आकडीच्या आधी शून्य, आकडीत शून्य, आकडी संपल्यावर शून्य. जिवंत मेंदूत असं कुठे असतं? झोपलेल्या माणसाच्या मेंदूतसुद्धा बाजार भरलेला असतो. देवाने जिवंत जागी शून्य ठेवलेलं नाही. ते फक्त माणसाच्या हातून पडतं.

आणि हे कोणाच्या हातून पडलं होतं, ते बाईंना चांगलं ठाऊक होतं.

पाच वर्षांपूर्वी त्यांनी एक नियम घातला होता. एखादा मणी शेजाऱ्यांच्या तिपटीहून जास्त खळखळ करत असेल, तर तो बिघडलेला समजायचा. त्याला गाळायचं आणि त्याच्या जागी शेजारच्या दोघांची सरासरी भरायची. गाळलेल्या जागा भरा, शाळेतल्यासारखं. त्याने चित्रं सुंदर येऊ लागली. पण सूत्र काय सांगतं? सरासरीहून जेवढं वेगळं तेवढा उगम. जागा सरासरीनेच भरली तर वेगळं काय उरणार? शून्य. आणि खऱ्या उगमाचा जो आवाज दोन्ही शेजाऱ्यांच्या कानावर पडलेला असतो, तो मग त्या दोघांचाच मानला जाणार. म्हणजे जो गळा काढून रडत होता त्याच्या तोंडात बोळा घातला आणि शेजारच्या दोघांवर आळ घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीसुद्धा एकाच्या ठिकाणी दोन संन्याशांना.

तरीही एक शक्यता होतीच. मणी खरोखरच बिघडलेला असेल. तसं असतं तर किती बरं, असं बाईंच्या मनात आलं, आणि असं मनात आलं म्हणून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तारेकाकांची खोली तळघरात होती. तारा जोडणं, तपासणं, काढणं, सगळं खातं त्यांचं. खोलीत झाळकामाचा वास आणि भिंतीवर तारांची वेटोळी. काका चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होते.

"काका, ग सहा."

"काय त्याचं?"

"तुम्ही काढलात?"

"मी कोण काढणारा! पहिल्या दिवशी सकाळी तुमची यादी आली, 'ग सहा नादुरुस्त'. यादीतल्या मण्यांच्या वायरी मी डबीतून उपटून ठेवतो, नाहीतर बाकीच्यांत घरघर येते. तुमचाच हुकूम आहे. पाच वर्षं जुना."

"म्हणजे त्यानंतर दोनदा आकडी आली, तेव्हा तो जोडलेला नव्हता?"

"उपटलेला मणी कसा ऐकणार, बाई?"

"पण तो खरंच नादुरुस्त होता का?"

काकांना चष्मा सापडला. त्यांनी फळीवरून एक जाड वही काढली, थुंकी न लावता बोट पुसून पानं उलटली आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. अक्षर मोत्यासारखं होतं. 'ग ६. वीज नीट वाहते. मणी ठणठणीत. यादीप्रमाणे काढला.'

बाई ती ओळ तीनदा वाचून गेल्या. "मला सांगितलं का नाहीत?"

"लिहिलंय की. रोज लिहितो. एकोणीस वर्षं लिहितोय." काकांनी वही मिटली, पण हात वहीवरच ठेवला. "वाचायला खाली कोणी आलं, तर ते आज तुम्ही पहिल्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा तळघरात होता आणि बाई पाच वर्षं वरच्या मजल्यावर सूत्रांचे मजले चढवत होत्या.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"काका, तो आत्ता पुन्हा जोडता येईल?"

"डबी तिच्या खांद्यालाच आहे. दोन मिनिटांचं काम. पण चारला तर तारा काढताहेत ना?"

"काढू देणार नाही," बाई म्हणाल्या, आणि आपण हे कोणाच्या जिवावर बोललो, हा प्रश्न त्यांना जिना चढताना पडला.

मॅडम हात धुवून बाहेर येत होत्या. त्यांच्याशी उभ्याउभ्या बोलायची कोणाची हिंमत नसे. बाईंनी वाटेत जुळवलेली सगळी प्रस्तावना विसरून सरळ सांगून टाकलं.

"मॅडम, माझं चित्र चुकलंय."

मॅडम थांबल्या. "खात्री आहे?"

"चुकलंय याची खात्री आहे. बरोबर काय आहे, याची नाही."

मग बाईंनी मणी, यादी, सरासरी, शून्य, सगळं सांगितलं. मॅडम कागदाने हात पुसत ऐकत होत्या.

"सकाळी वीस माणसं बसली होती. कोणालाच ती पट्टी खटकली नाही?"

"मला खटकत होती. काय खटकतंय ते कळत नव्हतं."

"मग तेवढंच सांगायचं होतं." मॅडमचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "मीच म्हणाले ना, स्वच्छ चित्र." त्यांनी हातातला कागद ओला झालेला पाहिला आणि टोपलीत टाकला. "सहाव्याच्या जागी एकच उगम असेल, तर मी मागच्या बाजूने जाऊ शकते. सातला धक्का न लावता. पण असेल तर. तुमच्याकडे सहाव्याची एकही आकडी नाही."

"नाही. पुन्हा यावी लागेल."

"तारा आत जाऊन आज सातवा दिवस. जंतू गेले तर मेंदूत जातील. मी दोन दिवस देते, वर एक तासही नाही. आणि हे तिला तुम्ही सांगायचं, माझ्या तोंडाने नाही. ती नाही म्हणाली, तर विषय संपला."

वॉर्डात पिशवी भरून दाराशी ठेवली होती. बाईंनी पुन्हा तेच स्टूल ओढलं आणि आपली चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. न अडखळता सांगितली. अडखळलो तर पुढे बोलवणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

पहिली बोलली ती आई. "म्हणजे चूक तुमची, आणि आकडी माझ्या लेकीने आणायची? तुम्ही बघितलीय का कधी आकडी?"

"रेघांत बघितलीय."

"रेघांत!" आई ताईकडे वळली. "गेल्या खेपेला दीड दिवस तुझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. मला 'आई' म्हणता आलं नाही तुला. नको. गाडी सांगितलीय, आपण जाऊ."

ताईने पांघरुणाची कड बोटाला गुंडाळली. "आणि तो सहावा निघाला तर? नक्की निघेल?"

"नाही सांगता येत," बाई म्हणाल्या. "मी अंदाज करते. सकाळी मीच खात्रीने सांगितलं होतं."

"हं." ताईने कड सोडली. "आई, घरी गेलो तरी आकडी येणारच आहे गं. ती काय पत्ता विसरणार आहे? मग इथे येऊ दे, कोणाच्या उपयोगाची तरी होईल." मग ती बाईंकडे वळली. "पण एक अट आहे. तुम्ही वर मशीनपाशी नाही बसायचं. इथे बसायचं, माझ्याजवळ. मला आकडी येईल तेव्हा बघायची."

काका आले, डबी उघडली, दोन मिनिटं म्हणाले होते तिथे अर्धं मिनिट लावलं आणि जाताना पलंगाच्या पायाला हात लावून, ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेऊन गेले.

तो दिवस कोरडा गेला. संध्याकाळी बाईंनी घरी फोन केला, उद्याही उशीर होईल म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तुझं ते गणित एकदाचं सुटू दे. तुझ्या सासऱ्याचं शब्दकोडं तरी रविवारी सुटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून बाई स्टुलावर होत्या. आकडीची वाट बघणं मोठं विचित्र. यावी असंही वाटतं आणि आपण असं इच्छितो म्हणून कानशिलं तापतात. ताईने पापणी जरा फडफडवली की बाई उठायच्या. "अहो, डास होता," ताई म्हणायची. दहा वाजता आईने न बोलता बाईंच्या हातात चहाचा पेला दिला. त्यात साखर विसरली होती की मुद्दाम घातली नव्हती, ते विचारायचं धाडस बाईंना झालं नाही. साडेदहा. पावणेअकरा. बाईंनी स्टुलाच्या पायाखाली कागदाची घडी घातली, काढली, पुन्हा घातली.

"तुम्ही कितीच्या बसने जाता हो?" ताईने विचारलं.

"सहा वाजून दहा मिनिटांच्या."

"ती तर माझी लाडकी. कधी वेळेवर आली नाही." ताई सरसावून बसली, घसा साफ केला आणि अख्ख्या वॉर्डाने माना वळवाव्यात अशा आवाजात सुरू केलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. सहा वाजून दहा मिनिटांनी सुटणारी गाडी फलाट क्रमांक..."

आणि थांबली.

बाईंना वाटलं, थट्टा करतेय. मग त्यांनी तिचे डोळे पाहिले. डोळे बाईंच्या खांद्यापलीकडे कुठेतरी खिळले होते. ओठांची एक बाजू ओढली गेली, उजवा हात वर उठला, जसा कोणी दोरीने उचलावा, आणि थरथरू लागला. घशातून एक सूर निघत होता, शब्द नसलेला. सिस्टर धावली, आईने कूस वळवायला हात घातला. ताईचा डावा हात बाईंच्या मनगटावर होता आणि त्याची पकड कल्पनेपलीकडची होती. हा हात रेघांत कधी आला नव्हता. बाईंच्या तोंडून काही निघालं असेल तर "आहे मी, आहे मी" एवढंच निघालं. सूत्र आठवलं नाही, मणी आठवला नाही.

एक मिनिट दहा सेकंद. नंतर नोंदीत दिसलं. बसलेल्या माणसाला ते फार लांब असतं.

हात सुटला, ताई निपचित पडली. आई तिच्या कपाळावरचा घाम टिपत होती. तिने वर न बघता म्हटलं, "जा आता. जे बघायचं ते बघा जाऊन."

वर आल्यावर बाईंनी आधी आपलाच नियम पुसून टाकला. एकही मणी गाळला नाही, एकही जागा भरली नाही. जे ऐकलं तेवढंच सूत्रात घातलं आणि थांबल्या. चित्र यायला चार मिनिटं लागायची. मनगटावर पाच बोटांच्या खुणा होत्या, त्याकडे त्या बघत राहिल्या.

चित्र आलं ते गबाळं. कडेला ठिगळं, कोपऱ्यात खळखळ, बैठकीत कोणी तारीफ करणार नाही असं. पण मधोमध, जिथे पांढरी पट्टी होती नेमकं तिथे, एकच लाल डाग होता. पाचवा आणि सातवा दोन्ही विझले होते. मॅडमना बोलवायची गरज पडली नाही. त्या मागे येऊन उभ्याच होत्या. त्यांनी पडद्यावर फूटपट्टी ठेवून अंतर मोजलं, पुन्हा मोजलं.

"जाता येईल," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "घाण चित्र आहे."

"हो."

"असंच आणत जा."

ऑपरेशन झालं. पाच दिवसांनी बाई वॉर्डात गेल्या, आता वाट पायाखालची झाली होती. ताईचं डोकं अर्धं सुजलेलं, एक डोळा मिटल्यासारखा. मॅडम समोर वस्तू धरत होत्या. कात्री? "कात्री." किल्ली? "किल्ली." मग आईनेच हौसेने म्हटलं, "घोषणा कर गं एकदा."

ताईने ओठ ओले केले. "फलाट क्रमांक..." आणि थांबली. ताईच्या कपाळावर आठी पडली, ती आतल्या आत कुठेतरी शोधत होती. "...पाच," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याने. "बघा, मशीनच झाले मी."

"सूज आहे अजून," मॅडम म्हणाल्या. "उतरेल. तोवर तुझी गाडी जरा उशिरा."

आईने बाईंना चहा दिला. यावेळी साखर दुप्पट होती.

इथे कोणाचंही चित्त थाऱ्यावर यावं. बाई वर आल्या, खुर्चीत बसल्या आणि दोन मिनिटांत उठल्या. नियम पाच वर्षं जुना होता. पाच वर्षांत त्या पलंगावर त्रेसष्ट माणसं येऊन गेली होती.

त्या तळघरात गेल्या. काकांनी काही न विचारता फळीवरच्या वह्या उतरवून टेबलावर ठेवल्या. बाई जुनी चित्रं एकेक उघडत होत्या, जिथे पांढरी पट्टी दिसेल तिथे थांबत होत्या. काका तारीख काढून वाचत होते. "ख चार. तार तुटकी." सुटलो. "च दोन. मणी सैल." सुटलो. "घ आठ." काका थांबले. "मणी ठणठणीत. यादीप्रमाणे काढला."

संध्याकाळपर्यंत अशी सहा माणसं निघाली. त्यांतल्या चौघांना ऑपरेशन न करता घरी पाठवलं होतं. बाईंची सहा दहाची बस गेली, पुढचीही गेली. मॅडमना वर चिठ्ठी पाठवली, तिच्यावर उत्तर आलं: 'सगळ्यांना बोलवा. पैशाचं आणि बैठकीचं मी बघते.'

पहिलं नाव एका सुताराचं होतं, साडेचार वर्षांपूर्वीचं. बाईंनी नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. हा माणूस आता आहे की नाही, असला तर काय म्हणेल, आणि आपण पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, यातलं काहीच त्यांनी ठरवलं नव्हतं. पलीकडे फोन उचलला गेला.

"मी इस्पितळातून बोलतेय," बाई म्हणाल्या. "तुमच्या तारांचं गणित मी केलं होतं. ते चुकलं होतं. तुम्हाला अजून आकडी येते का?"

पलीकडून कोणी बोललं नाही. बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. रंधा लाकडावर ठेवल्याचा आवाज आला, कुठेतरी पंखा फिरत होता, आणि जवळच कोणीतरी श्वास घेत होतं. बाई वाट बघत उभ्या राहिल्या.